सहा खटके, सात चकत्या

लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे रेशनकार्डाचा अर्ज, गावाला काकांना पाठवायचं अंतर्देशीय पत्र आणि दुकानाच्या भिंतीवर खडूने केलेल्या खुणा. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला, आणि तिथेही मी शेवटच्या बाकाच्या आधीच्या बाकावर बसत असे, म्हणजे सरांचं लक्ष जाणार नाही आणि टवाळांतही गणना होणार नाही. पुढे सगळी नोकरी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून केली. मुलांना उपकरणं काढून द्यायची, परत घ्यायची, पुसून कपाटात ठेवायची. अशा माणसाने आठवणी लिहाव्यात का, ही शंका मलाच येते. त्यातून हे प्रकरण लिहायचं मी फार दिवस टाळलं, कारण यात मी काही चांगला दिसत नाही, आणि सायकलच्या गिअरबद्दल बरंच सांगावं लागणार आहे. वाचणाऱ्याने दोन्ही सांभाळून घ्यावं.

काळाचौकीला आमची चाळ होती. पहिल्या मजल्यावर आमची खोली आणि बरोबर तिच्याखाली, जिन्याच्या पोटात, बाबांचं सायकलचं दुकान. दुकान कसलं, तीन माणसं उभी राहिली तर चौथ्याने बाहेरून बोलायचं. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी ते मांडलं. त्यामुळे माझं लहानपण आवाजांवरून वेळ ओळखण्यात गेलं. सकाळी पंपाचा फसफस आवाज आला की शाळेची वेळ, दुपारी तारा जुळवताना बाबा एकेक तार बोटाने छेडायचे तो आवाज आला की आईची भांडी घासून झालेली असायची. रबर सोल्युशनचा वास जिन्यावरून वर यायचा आणि आईच्या सुकटाचा वास खाली जायचा, आणि मधल्या पायरीवर दोन्ही एकमेकांत मिसळायचे. ती चाळ आता नाही. तिथल्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर मी राहतो, खिडक्या बंद असतात, आणि वेळ घड्याळात बघावी लागते.

बाबा गिरणीत सूतकताईच्या खात्यात फिटर होते. त्या यंत्रांवर सूत किती बारीक यायचं ते बाजूच्या एका दातेरी चाकावर ठरायचं. चाळीस दातांचं चाक काढून एकेचाळीसचं लावलं की सुताचा पोत बदलायचा. त्यामुळे दात मोजणं हा बाबांचा श्वासच होता. चाक हातात घेऊन, तिसरीकडे बघत, गप्पा मारत, अंगठा फिरवून ते दातांची संख्या सांगायचे आणि ती कधी चुकायची नाही. आम्ही घरी मालवणी बोलायचो. दात मोजायला बाबांनीच मला शिकवलं. "दात खोटां बोलनत नाय," असं ते म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं.

त्यांची आणखी एक पद्धत गिरणीतूनच आली असावी. दुकानाच्या भिंतीला त्यांनी एका जुन्या सायकलची घंटी ठोकून ठेवली होती. काम संपलं की सायकल स्टँडवर उचलून चाक गरकन फिरवायचे, आणि ते थांबायच्या आत तीनदा घंटी वाजवायचे. घंटी वाजली म्हणजे ते काम संपलं. मग त्यावर बोलायचं नाही. गिऱ्हाईक काही म्हणू लागलं तरी बाबा हसून "आता चालवून बघा" एवढंच म्हणायचे. आसपासच्या लोकांना हे माहीत होतं. चाळीतली पोरं परीक्षेचा पेपर देऊन आली की चेष्टेत एकमेकांना विचारायची, घंटी वाजवून आलास की नाही.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हाची ही गोष्ट. कॉलेजात मला बोलता येत नसे, पण प्रयोगशाळेत हात चालत असे, आणि त्याची थोडी हवा डोक्यात गेली असणार. एका सकाळी प्रभादेवीचे एक गृहस्थ सायकल घेऊन आले होते. मागचं चाक डुलत होतं. बाबा एका बाजूचा नट आवळत होते आणि मी मागून म्हणालो, बाबा, तसं नाही, बेअरिंग जास्त घट्ट होतंय. मी बरोबर होतो की नाही हे आजही मला नक्की सांगता येत नाही. बाबांनी वर पाहिलं, पाना माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन स्टुलावर बसले. मी नट फिरवत राहिलो, कधी घट्ट व्हायचा, कधी ढिला. ते गृहस्थ घड्याळ बघत होते. शेवटी मी पाना खाली ठेवला तेव्हा बाबा उठले, दोन मिनिटांत काम केलं, घंटी वाजवली. रात्री जेवताना आईने नेहमीप्रमाणे त्यांच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढला. तो मोडता मोडता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दुकानात दोन मेस्त्री नसतत." आवाजात राग नव्हता. पण मी त्यानंतर दुकानात तोंड मिटून उभा राहायला शिकलो.

आता सुजाताबद्दल. तिचे वडील, कांबळेकाका, गिरणीत बाबांच्याच खात्यात होते. वरळीच्या चाळीत त्यांची खोली होती. गिरणी गेल्यावर ते एका ऑफिसात पहाऱ्याच्या कामाला लागले, तरी महिन्यातून एकदा तरी बाबांकडे यायचे, आणि चहा पिताना दोघं न चालणाऱ्या यंत्रांबद्दल बोलायचे, जणू उद्या पाळी आहे. सुजाता माझ्याच वयाची. शाळेत असल्यापासून ती सायकलच्या शर्यतीत भाग घ्यायची, आणि सुरुवातीला तर आमच्या दुकानातली भाड्याची सायकल घेऊन. मी शर्यती कधी बघितल्या नाहीत, पण ती वरळीहून आमच्याकडे यायला किती मिनिटं लागली ते दर वेळी भिंतीवर खडूने लिहून ठेवायची, आणि तो आकडा कमी होत गेलेला मी बघितला आहे. माझ्याशी ती धीटपणे बोलायची. "काय रे शास्त्रज्ञ, आज तोंड उघडणार का?" असं विचारायची, आणि मी हसायचो, म्हणजे उघडायचो नाही.

त्या वर्षी तिच्या प्रशिक्षकांनी तिला कुणाची तरी वापरलेली, बाहेरून आलेली गिअरची सायकल मिळवून दिली होती. मागच्या चाकाला लहानापासून मोठ्यापर्यंत सात दातेरी चकत्या. हँडलवर शिफ्टर, म्हणजे बोटाने दाबायचा खटका. एकदा दाबला की टक असा आवाज येतो, आतली वायर थोडी खेचली जाते, आणि मागचा लोखंडी हात चेनला एका चकतीवरून शेजारच्या चकतीवर ढकलतो. सपाटीवर लहान चकती, चढावर मोठी. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, घाटातल्या चढावर, रविवारी सकाळी. तीन मुली घेणार होते. संघात नाव लागलं की खेळाडूंसाठीच्या राखीव जागेवर नोकरीचा अर्ज करता येत होता, आणि तिच्या घरात त्या अर्जाकडे सगळे डोळे लावून बसले होते. कांबळेकाकांचे गुडघे गेले होते. धाकटी दोन भावंडं शाळेत होती. हे तिने कधी सांगितलं नाही, पण अर्जाचा विषय निघाला की काका चहा तसाच खाली ठेवायचे त्यावरून कळायचं.

चाचणीच्या आधीच्या बुधवारी तिचा शिफ्टर मोडला. आतलं एक बारीक दातांचं चाक तुटलं होतं. बाबांनी दोन दिवस मुंबई पालथी घातली. सात खटक्यांचा शिफ्टर कुठेच नव्हता. एकाने सांगितलं पंधरा दिवस लागतील. सहा खटक्यांचा मात्र मिळाला, दुसऱ्या सायकलवर येणारा. तो घेऊन बाबा परत आले आणि शुक्रवारी सकाळी, मी कॉलेजला निघत असताना, चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी मागच्या चाकावरचा चकत्यांचा जुडगा खोलायला घेतला. त्यांचा विचार सरळ होता. खटके सहा आहेत ना, मग चकत्याही सहा ठेवू. सातातली एक काढून टाकू. कुठली काढायची यावर त्यांनी बराच वेळ घालवला. प्रत्येकीचे दात मोजले, कागदावर मांडले, आणि चढासाठी लागणाऱ्या मोठ्या चकत्या न हलवता लहानांतली दुसरी काढली, म्हणजे मुलीला फरक जाणवणारही नाही. मला ते फार हुशारीचं वाटलं. तसं मी त्यांना सांगायला हवं होतं, निदान तेवढं तरी.

गिरणीतल्या माणसाकडूनच होईल अशी ती चूक होती. गिरणीत दात जुळले की यंत्र जुळायचं. पण इथे चेन एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते, आणि त्या उडीची लांबी खटक्यात आधीच ठरलेली असते. सात चकत्यांच्या जुडग्यात चकत्या एकमेकींना जास्त खेटून असतात, सहांच्या जुडग्यात थोड्या लांब. सहाचा शिफ्टर दर टकेला वायर थोडी जास्त खेचतो, कारण त्याला वाटतं पुढची चकती लांब आहे. एक चकती काढली म्हणून उरलेल्यांमधलं अंतर बदलत नाही. दात मोजून हे कळायला मार्गच नव्हता.

मला ते कळलं ते योगायोगाने. त्या आठवड्यात आमचा प्रयोग व्हर्नियर कॅलिपरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागही मोजणाऱ्या मापाचा होता, आणि सरांची परवानगी काढून मी एक कॅलिपर सरावासाठी घरी आणला होता. संध्याकाळी दुकानात आलो तेव्हा घंटी वाजून गेली होती. सायकल स्टँडवर होती, सुजाता दुसऱ्या दिवशी सकाळी नेणार होती. बाबा मला कौतुकाने दाखवत होते. चाक फिरवलं, टक, टक, टक, चेन चढत गेली. मोठ्या चकत्यांवर किरकिर असा बारीक आवाज येत होता. बाबांच्या कानाला तो आला नसेल असं होणं शक्य नाही. ते म्हणाले, "वायर नवीन आसा. बसली की जायत." आणि चहा प्यायला वर गेले.

मी एकटा उरलो आणि, खरंच केवळ खेळ म्हणून, कॅलिपर काढला. दोन चकत्यांमधलं अंतर मोजलं. मग एका टकेला तो लोखंडी हात किती सरकतो ते मोजलं. पुन्हा मोजलं. दर खटक्याला अर्धा मिलिमीटर जास्त. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण बाबा जुळणी नेहमी लहान चकतीपासून सुरू करायचे, म्हणजे तो अर्धा पुढे साठत जात होता. पाचव्या खटक्याला अडीच. चढावर जी चकती लागणार तिथेच चेन अर्धवट लटकणार. मोकळ्या चाकावर ती सावरून घेत होती. माणूस उभा राहून पेडल मारेल तेव्हा ती सावरणार नाही, सटकेल. मी आकडे प्रयोगाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले.

जिन्यावर बाबांची चप्पल वाजली आणि मी कॅलिपर पिशवीत टाकला.

"काय बघतंस?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," मी म्हणालो.

या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं विचार केला आहे की आता त्यांचा अर्थ झिजून गेला असावा. घंटी वाजली होती हे एक कारण. दोन मेस्त्री नसतात हे दुसरं. आणि तिसरं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते असं की बाबा त्या दिवशी खुशीत होते. गिरणी गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. तो अंगठा पुन्हा कामाला आला होता. माझ्याने ते मोडवलं नाही. सकाळी सुजाता आली, मी समोर उभा होतो. बाबा म्हणाले, "घे गो बाय, तुझो घोडो तयार." तिने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, मला म्हणाली, "शास्त्रज्ञ, तोंड उघड आणि ऑल द बेस्ट म्हण," आणि मी ऑल द बेस्ट म्हणालो.

कॉलेजात पहिला तास गणिताचा होता. सर फळ्यावर काहीतरी श्रेणी मांडत होते, थोडं थोडं मिळून किती होतं, असलंच काहीतरी. मी वही मिटली आणि कॉलेजात गेल्यापासून पहिल्यांदा तास चालू असताना उठून बाहेर पडलो. दुकानात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. बाबा एका मुलाची तीनचाकी बसवत होते. मी त्यांच्यासमोर वही धरली आणि सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढे करत. ते ऐकत राहिले. मग त्यांनी जुडग्यातून काढून ठेवलेली ती चकती आणि तिच्यासोबतचा वॉशर उचलला, दोन बोटांत धरून बराच वेळ बघितला. दात नव्हे, जाडी.

"काल सांजेक बघितलंस?"

"होय."

"मग बोललंस कित्याक नाय?"

मी वहीतल्या आकड्यांकडे बघत राहिलो. मग त्यांनी तीनचाकी बाजूला सारली आणि डब्यातून पितळेचा पातळ पत्रा काढला. गिरणीतून आलेला असेल, बरीच वर्षं पडून होता. "किती जाड होयो?" त्यांनी विचारलं. अर्धा मिलिमीटर, मी म्हणालो. त्यांनी पत्रा माझ्यापुढे धरला. मी कॅलिपर लावला. पत्रा किंचित जाड होता. ते दगडावर घासू लागले, थांबले, पत्रा पुढे केला, मी मोजला, ते पुन्हा घासू लागले. आम्ही तासभर हे करत होतो. त्यांनी पाच गोल वॉशर कापले, एकेका फटीत एकेक बसेल असे, आणि सहावा जाड, मागे उरणारी जागा भरायला. पाचही मी मोजले. पाचही बरोबर अर्धा मिलिमीटर. इतकी सुंदर वस्तू मी नंतर कुठल्या प्रयोगशाळेत पाहिली नाही. आणि कापत असतानाच मला कळत होतं की काल संध्याकाळी तोंड उघडलं असतं तर हे सगळं काल संध्याकाळीच झालं असतं, दहा पावलांवर सायकल उभी असताना.

सुजाता प्रशिक्षकांच्या टेम्पोतून दुपारीच घाटाकडे निघाली होती. बाबा सायकलवरून वरळीला जाऊन कांबळेकाकांकडून ती रात्री उतरणार होती त्या शाळेचं नाव घेऊन आले. आईने भाकऱ्या आणि सुकटाची चटणी स्टीलच्या डब्यात भरली. मी पायांत चपला घातल्या तेव्हा बाबा म्हणाले, "तू येव नको. उद्या दुकान उघड." आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून परळच्या एसटी डेपोकडे चालत गेले. चप्पल काढून मी आत येऊन बसलो. आईने विचारलं, काय झालं रे दोघांचं. मी म्हणालो, काही नाही.

रविवारी मी पहिल्यांदा एकट्याने दुकान उघडलं. दोन पंक्चर आले. एका पेपरवाल्याचा ब्रेक आला. चाळीतले सावंतकाका आले आणि आज मालक कुठे म्हणून बसून राहिले, वर्तमानपत्र वाचत. मी ब्रेक दुरुस्त केला, चाक फिरवलं, आणि घंटीकडे हात नेला. वाजवली नाही. पेपरवाला म्हणाला, "काय, झालं नाय का काम?" मी म्हणालो, झालं, जा तुम्ही. आईने वरून घावणे पाठवले ते तसेच थंड झाले. माझ्या डोळ्यांपुढे दिवसभर एकच दिसत होतं, उभा चढ, सुजाता पेडलवर उभी, आणि चेन सटकते.

बाबा दिवेलागणीला आले. चेहरा उन्हाने काळवंडला होता. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं.

"चौथी इली," ते म्हणाले.

तीन घेणार होते. बाबांनी हात-पाय धुतले, डबा आईकडे दिला, देवापुढे उभे राहिले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. वॉशर वेळेत पोचले का, बसवले का, चेन सटकली का, यातलं मी काहीच विचारलं नाही. विचारायचा हक्क मी शुक्रवारीच घालवला, असं मला वाटत होतं. त्यांनीही सांगितलं नाही. काम झालं की त्यावर बोलायचं नाही, ही तर त्यांची जुनीच रीत.

चारपाच दिवसांनी मी दुकानातल्या हत्यारांच्या पेटीत पाना शोधत होतो, तर वरच्या खणात, जिथे बाबांचा आवडता चिमटा असायचा, तिथे एक जुना व्हर्नियर कॅलिपर ठेवलेला दिसला. चोरबाजारातून आणला होता. पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. मी तो बघितला आणि खण लावून टाकला. मला तो टोमणा वाटला. माझ्या न बोलण्याची खूण त्यांनी रोज माझ्या डोळ्यांसमोर राहील अशी ठेवली, असं मी धरून चाललो, आणि तो कॅलिपर मी बाबांच्या हयातीत एकदाही वापरला नाही. नोकरीत दिवसाला वीस कॅलिपर मुलांच्या हातात दिले, पण तो नाही.

सुजाताला मी टाळू लागलो. ती एकदोनदा दुकानात आली तेव्हा मी वर खोलीत होतो आणि खाली उतरलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात कांबळेकाकांनी खोली सोडली आणि ते सगळे बदलापूरला गेले. मग बाबांचे हात थरथरू लागले, दुकान बंद झालं, चाळ पाडली. बाबा जाऊन आता अकरा वर्षं झाली. पेटी माझ्याकडे आहे, चौदाव्या मजल्यावर, कपाटाच्या वर.

गेल्या महिन्यात, गिरणीतल्या त्या जुन्या खात्यातल्या कामगारांच्या मुलांनी फोनवर जो ग्रुप केला आहे, आता ही मुलंही साठीकडे झुकली आहेत, त्यावर एक फोटो आला. एका टेबलावर मांडलेल्या सहा दातेरी चकत्या, आणि त्यांच्या शेजारी ओळीने ठेवलेले पाच पितळी वॉशर, काळे पडलेले. खाली लिहिलं होतं, हे कुणाच्या हातचं काम आहे ते ओळखा. मी फोटो मोठा करून बघितला. नंबरापुढे सुजाताचं नाव होतं. दोन दिवस मी फोन केला नाही. हे माझ्या स्वभावाला धरूनच झालं. तिसऱ्या दिवशी केला.

ती आता बदलापूरला मुलींना सायकल शिकवते. नोकरी तिला नंतर दुसऱ्या परीक्षेने लागली होती, त्यातून निवृत्त व्हायला आली आहे. माझं नाव ऐकून ती म्हणाली, "शास्त्रज्ञ, उघडलं तोंड एकदाचं?" मी सगळं बोललो. शुक्रवारची संध्याकाळ, वही, काय नाय. मग ती म्हणाली, "पण काका तर पहाटेच आले होते. तुला सांगितलं नाही त्यांनी?"

शाळेच्या आवारात, चिंचेखाली बसून, तांबडं फुटताना बाबांनी जुडगा खोलला आणि एकेका फटीत वॉशर बसवला होता. शर्यतीच्या सायकलला घंटी नसते, म्हणून काम झाल्यावर त्यांनी आईचा स्टीलचा डबा काढून त्यावर पान्याने तीनदा वाजवलं, आणि बाकीच्या मुली हसल्या. मी विचारलं, मग चढावर? ती म्हणाली, "चढावर प्रत्येक टक जागच्या जागी पडली रे. गिअर एकदाही चुकला नाही. त्या तिघी माझ्यापेक्षा जोरात होत्या. मी पायांनी हरले."

मग तिला आणखी काही आठवलं आणि ती हसू लागली. तिचे प्रशिक्षक बाबांवर चिडले होते म्हणे. चाचणीला तासभर उरला असताना हा कोण माणूस गिअर उघडून बसला आहे, आधी नीट का केला नाही, असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. बाबा उठून उभे राहिले, हात पुसले, आणि बाबांची मालवणी जशीच्या तशी काढत सुजाताने मला सांगितलं ते काय म्हणाले ते. "आमच्या दुकानात दोन मेस्त्री आसत, सायेब. पयल्याची चूक दुसऱ्यान पकडल्यान."